विश्लेषण : ‘नाही’ म्हटले तरी मान्य होते ते काय? वाक्यांमधली पूर्वगृहीते शोधणारे गॉटलोब फ्रेगे कोण होते?

अनोळखी क्रमांकावरून फोन येतो. पलीकडचा माणूस दरडावून विचारतो, तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये सापडलेल्या गोळ्या तुमच्याच आहेत का? फोन घेणारा घाबरून म्हणतो, नाही हो, माझ्या नाहीत. गडबड इथेच होते. गोळ्या आपल्या असल्याचे त्याने नाकारले, पण पार्सलचे काय? ते आपल्या नावाने निघाले, कुणीतरी ते उघडले आणि त्यात गोळ्या सापडल्या, या तिन्ही गोष्टी त्या एका ‘नाही’ने मान्य झाल्या. त्या कुणी सांगितल्या नव्हत्या, विचारल्याही नव्हत्या. पुढची सगळी फसवणूक या न बोललेल्या मान्यतेवर उभी राहते.

वाक्यात असे लपून बसलेल्या अर्थाला भाषाशास्त्रात ‘प्रीसपोझिशन’ म्हणतात. मराठीत आपण त्याला पूर्वगृहीत म्हणू. वाक्यातून अटळपणे निघणारा दुसराही एक अर्थ असतो. तो ‘एन्टेलमेंट’, म्हणजे फलित. हे दोन्ही वरवर इतके सारखे दिसतात की भाषाशास्त्राचे विद्यार्थीही पहिल्या वर्षी त्यांत गोंधळतात. त्यांच्यातला फरक सर्वप्रथम नेमकेपणाने दाखवला तो १८९२ साली, जर्मनीतल्या येना विद्यापीठातील एका गणिताच्या प्राध्यापकाने. त्यांचे नाव गॉटलोब फ्रेगे. पुढे त्यांच्या आयुष्यभराचे काम अशाच एका पूर्वगृहीतापायी कोसळले.

आधी फरक समजून घेऊ

‘सुरेशने हापूस खाल्ला’ हे वाक्य खरे असेल, तर ‘सुरेशने आंबा खाल्ला’ हेही खरे असलेच पाहिजे. पहिले खरे आणि दुसरे खोटे, अशी परिस्थिती कल्पनेतही उभी करता येत नाही. म्हणून दुसरे वाक्य हे पहिल्याचे फलित. आता पहिले वाक्य नाकारून पाहा. ‘सुरेशने हापूस खाल्ला नाही.’ मग त्याने आंबा खाल्ला का? सांगता येत नाही. पायरी खाल्ला असेल, किंवा काहीच खाल्ले नसेल. नकार आला आणि फलिताची हमी गेली.

आता दुसरे वाक्य घेऊ. ‘सुरेशने सिगारेट सोडली.’ यातून दोन गोष्टी कळतात. सुरेश आता सिगारेट ओढत नाही आणि सुरेश पूर्वी ओढत होता. वाक्य होकारार्थी आहे तोवर दोन्ही सारख्याच वाटतात, कारण दोन्ही वाक्यातूनच निघतात. पण नकार घाला. ‘सुरेशने सिगारेट सोडली नाही.’ पहिली गोष्ट उलटली, तो आताही ओढतो. दुसरी मात्र जागची हलली नाही. तो पूर्वी ओढत होता हे तसेच राहिले. प्रश्न विचारा, ‘सुरेशने सिगारेट सोडली का?’ तरी तेच. ‘जर’ लावा, ‘सुरेशने सिगारेट सोडली असेल तर मी पार्टी देईन’. तरीही तेच. नकार, प्रश्न आणि जर-तर या तिन्हींतून जे सहीसलामत बाहेर येते ते पूर्वगृहीत. जे वाटेत गळून पडते ते नुसते फलित.

घरच्या घरी करता येईल अशी आणखी एक चाचणी आहे. कुणी काही सांगितल्यावर त्यातल्या कुठल्या भागावर तुम्ही ‘थांबा थांबा, हे मला माहीतच नव्हते’ असे म्हणता, ते पाहा. सुरेशने सिगारेट सोडल्याचे ऐकून ‘थांब, तो ओढायचा?’ असे सहज तोंडून निघते. ‘थांब, तो आता ओढत नाही?’ हे मात्र विचित्र वाटते. तीच तर बातमी होती! बोलणारा जे नव्याने सांगतो त्यावर आपण हो किंवा नाही म्हणतो. तो जे धरून चालतो त्यावर मात्र त्याला थांबवावे लागते आणि थांबवणे अवघड असते.

मराठीत तर एका अक्षरातही पूर्वगृहीत बसते. ‘पुण्यातही पाऊस पडला’ यातला ‘ही’ पाहा. दुसरीकडे कुठेतरी पाऊस पडलाच आहे, असे तो परस्पर ठरवून टाकतो. ‘परत’, ‘अजून’, ‘सुद्धा’ हे शब्दही तेच करतात. ‘ते परत चुकले’ या मथळ्यावर कितीही वाद घाला, ते आधी एकदा चुकले होते हे वाद घालणारे दोन्ही पक्ष मान्य करून बसलेले असतात.

फ्रेगे कोण होते?

गॉटलोब फ्रेगे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४८ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या विस्मार या गावात झाला. वडील कार्ल अलेक्झांडर मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी जर्मन भाषेचे एक पाठ्यपुस्तकही लिहिले होते. वाक्य कसे बनते, त्याचे भाग कोणते, असा तो विषय. मुलाने पुढे आयुष्यभर वाक्यांची चिरफाड केली, त्याची सुरुवात घरात झाली असावी असा मोह होतो. पुरावा नाही, त्यामुळे तो मोह इथेच सोडू. १८६६ मध्ये वडील वारले आणि शाळेचा कारभार आई ऑगस्ट यांनी हाती घेतला.

१८६९ मध्ये फ्रेगे येनाला शिकायला गेले. तिथे त्यांना एर्न्स्ट आबे हे शिक्षक भेटले. काही स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याशेजारी ‘झाईस’ असे नाव छापलेले असते. त्या कंपनीच्या भिंगांमागचे गणित या आबे यांनी मांडले. शिष्यावर त्यांचा जीव होता. फ्रेगे यांनी १८७३ मध्ये गटिंगनहून डॉक्टरेट मिळवली आणि १८७४ पासून ते येनाला शिकवू लागले, तेही बिनपगारी. घरखर्चाला आईचा आधार होता. १८७९ मध्ये पदोन्नती मिळाली ती आबे यांच्या शिफारशीच्या बळावर. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. १८९६ मध्ये मिळालेल्या मानद प्राध्यापकपदाचे मानधनसुद्धा विद्यापीठाने नव्हे, झाईस प्रतिष्ठानाने दिले.

वर्गातल्या फ्रेगे यांचे चित्र त्यांचे विद्यार्थी, पुढे स्वतः नामवंत तत्त्वज्ञ झालेले रुडॉल्फ कारनॅप यांनी आठवणींत रेखाटले आहे. सर क्वचितच विद्यार्थ्यांकडे वळत. दिसायची ती त्यांची पाठ आणि फळ्यावरच्या विचित्र आकृत्या. प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. एका सत्रात वर्गात जेमतेम तीन जण उरले होते. कारनॅप, त्यांचा एक मित्र आणि सैन्यातून निवृत्त झालेला एक मेजर. तो मेजर हौस म्हणून नवे गणित शिकायला येत असे. ऑनलाइन लेक्चरला कॅमेरे बंद ठेवून बसलेल्या आमच्या पिढीला हे चित्र अगदीच परके वाटायचे कारण नाही.

त्या आकृत्या कशाच्या होत्या?

फ्रेगे यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती. अंकगणित म्हणजे दुसरेतिसरे काही नसून शुद्ध तर्कशास्त्रच आहे. एक अधिक एक दोन होतात ते अनुभवाने नव्हे, तर केवळ विचारांच्या नियमांनी. हे दाखवायचे तर सिद्धतेत एकही पायरी ‘उघडच आहे’ म्हणून ओलांडता येणार नव्हती. रोजच्या भाषेत ते जमेना, कारण भाषा पुष्कळ गोष्टी न बोलता आत ढकलते. म्हणून १८७९ मध्ये त्यांनी ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ हे पुस्तक काढून नवी लिपीच तयार केली. आडव्या-उभ्या रेघांनी पानभर पसरणारी ती लिपी वाचायची बहुतेकांची तयारी नव्हती आणि समीक्षाही थंड आल्या. पण ‘सर्व’ आणि ‘काही’ या शब्दांचे आजचे तर्कशास्त्र त्या लहानशा पुस्तकातून सुरू होते. डेटाबेसमध्ये आपण ज्या अटी घालतो त्यांचे मूळही शोधत गेलो तर त्याच काळातल्या तर्कशास्त्रापाशी पोहोचतो.

म्हणजे पूर्वगृहीत हा फ्रेगे यांचा आवडीचा विषय नव्हता, ती त्यांची अडचण होती. घर झाडताना कोपऱ्यात काही सापडावे तसे ते त्यांना सापडले.

केप्लरचे उदाहरण काय सांगते?

१८९२ मध्ये फ्रेगे यांनी अर्थ आणि निर्देश यांवर एक निबंध लिहिला. ‘युबर झिन उंड बेडॉयटुंग’ हे त्याचे नाव. भाषेच्या तत्त्वज्ञानात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या निबंधांत त्याची गणना होते. त्यात मधेच त्यांनी खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांचे उदाहरण घेतले. थकलेल्या पैशांचा प्रश्न घेऊन गेलेले केप्लर १६३० मध्ये रेगेन्सबुर्ग येथे वारले. त्यांचा शेवट हलाखीत झाला, असे कुणी म्हटले तर केप्लर नावाचा कुणी माणूस होता हे त्या विधानात सांगितलेले असते का?

वरवर उत्तर ‘हो’ असे येईल. पण फ्रेगे यांनी नकाराची युक्ती वापरली. केप्लर होते, हा विधानाचाच भाग असता तर त्या विधानाला नाकारण्याचे दोन मार्ग झाले असते. एक तर केप्लर हलाखीत वारले नाहीत किंवा त्या नावाचे कुणी नव्हतेच. आपण विधान नाकारतो तेव्हा असा ‘किंवा’ कधी मनात आणतो का? आणत नाही. हो म्हणणारा आणि नाही म्हणणारा, दोघेही केप्लर होते हे धरूनच भांडतात. तेव्हा ते विधानात सांगितलेले नाही, विधान ज्यावर उभे आहे ती ती जमीन आहे. फ्रेगे यांनी त्यासाठी वापरलेल्या जर्मन शब्दाची फोड केली तर ‘आधीच ठेवून दिलेले’ असा अर्थ निघतो. आपल्या ‘गृहीत धरणे’ला तो चांगला जवळचा आहे.

वर सुरेशच्या सिगारेटवर आपण केली ती चाचणी हीच. फ्रेगे यांनी ती एका परिच्छेदात उरकली आणि पुढे गेले.

त्याच निबंधात दुसरे उदाहरण आहे ते त्यांच्या पौगंडावस्थेतल्या घडामोडींचे. १८६४ च्या युद्धानंतर श्लेसविग-होल्स्टाइन हा प्रदेश डेन्मार्कपासून तुटला आणि १८६६ मध्ये त्याच्या वाटणीवरून प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात जुंपली. हा प्रदेश तुटल्यानंतर दोघे भांडले, असे म्हणताना तो तुटला हे सांगितले जाते की धरले जाते? फ्रेगे म्हणतात, साधारणतः धरले जाते. युरोपचा इतिहास ठाऊक नसलेला आणि असे काही तुटलेच नाही असे मानणारा दूरदेशीचा माणूस या वाक्याला खोटे म्हणणार नाही. त्याला ते खरे-खोटे ठरवण्याच्याच पलीकडचे वाटेल. मात्र हेच वाक्य दोन्ही गोष्टी सांगणारे म्हणूनही वाचता येते, हेही फ्रेगे यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे. तसे वाचले तर तुटणे हे फलित ठरते. म्हणजे सीमारेषा दरवेळी ठसठशीत नसते, हे पहिल्याच दिवशी मान्य झाले होते.

खोटे आणि निरर्थक यांत फरक का पडतो?

मोबाइलवरचे उदाहरण सोपे जाईल. लॉग-इन करताना दोन प्रकारे अडथळा येतो. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ हा पहिला प्रकार. खाते आहे, तुमचे म्हणणे तपासले गेले आणि ते चुकीचे निघाले. ‘असे खातेच अस्तित्वात नाही’ हा दुसरा. इथे तपासण्यासारखे काही उरलेच नाही. फलित फसले तर पहिल्या प्रकारचा निरोप येतो, पूर्वगृहीत फसले तर दुसऱ्या प्रकारचा. कोड लिहिणाऱ्यांना पहिल्यात ‘फॉल्स’ मिळते आणि दुसऱ्यात प्रोग्रामच कोलमडतो.

गणितात असे कोलमडणे फ्रेगे यांना परवडणारे नव्हते. म्हणून आपल्या लिपीत त्यांनी सोय केली, की एखाद्या वर्णनाला साजेशी वस्तू नसेल तर त्याला ठरावीक ‘डिफॉल्ट’ मूल्य द्यायचे. रोजच्या भाषेत मात्र हा धोका कायम राहणार, असे त्यांचे मत. आणि धोका केवळ गणिताला नाही, असेही ते त्याच निबंधात सांगतात. ‘जनतेची इच्छा’ यासारखे शब्दप्रयोग कुठल्या ठाम वस्तूकडे बोट दाखवतात यावर एकमत नसते, पण ते कानाला एखाद्या वस्तूच्या नावासारखे लागतात आणि लोकांना भडकवणारे त्याचा लाभ उठवतात. हे १८९२ मध्ये लिहिलेले आहे, हे पुन्हा सांगायला हवे.

आणि मग ते पत्र आले

अंकगणिताची तर्कशास्त्रीय इमारत फ्रेगे ‘ग्रुंडगेझेत्स’ या ग्रंथात उभी करत होते. पहिला खंड १८९३ मध्ये निघाला. फारसा खपला नाही. दुसरा त्यांना पदरमोड करून काढावा लागला. तो छापखान्यात असताना, १६ जून १९०२ या तारखेचे एक पत्र इंग्लंडहून आले. पाठवणारे होते तीस वर्षांचे बर्ट्रांड रसेल. पत्रात आदर ओतप्रोत होता आणि एक छोटी अडचण मांडली होती.

अडचण अशी. जी यादी स्वतःचा उल्लेख करत नाही, अशा सगळ्या याद्यांची एक यादी करा. या नव्या यादीत तिचे स्वतःचे नाव घालायचे का? घातले तर ती स्वतःचा उल्लेख करणारी झाली, म्हणून नाव काढावे लागेल. काढले तर ती उल्लेख न करणारी झाली, म्हणून घालावे लागेल. सुटका नाही. रसेल यांनी हे कागदी याद्यांऐवजी गणिती संचांबद्दल मांडले आणि फ्रेगे यांच्या नियमांतून हा विरोधाभास थेट निघतो हे दाखवले.

दोष होता पाचव्या मूलभूत नियमात. कोणतीही संकल्पना घ्या, तिच्यात बसणाऱ्या वस्तूंचा मिळून एक संच, म्हणजे त्या संकल्पनेची ‘व्याप्ती’, असतेच असते, असे तो नियम धरून चालतो. ‘मोठी व्याप्ती’, ‘सारखी व्याप्ती’, ‘वेगळी व्याप्ती’ यांवर पुष्कळ सिद्धता झाल्या. पण व्याप्ती नावाचे काही दरवेळी असते का, हा प्रश्न जमिनीखालीच राहिला. केप्लर होते का, असे विचारण्यासारखाच तो प्रश्न. या नियमावर वाद झालाच तर इथे होईल, अशी शंका फ्रेगे यांना पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेतच आली होती. पण तो काढून टाकला तर पुढे काही उभेच राहत नव्हते.

तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांनी २२ जूनला, आठवड्याच्या आत उत्तर पाठवले. सारवासारव नाही, टाळाटाळ नाही. पाया हादरला आहे हे मान्य केले आणि शोधाचे महत्त्वही. १९०३ मध्ये दुसरा खंड निघाला तेव्हा त्याच्या शेवटी परिशिष्ट जोडून त्यांनी वाचकांसमोर चूक मांडली. त्यात एक दुरुस्ती सुचवली, पण पुढे तीही अपुरी ठरली. स्वतःच्या हयातभराच्या कामाला तडा जाताना दिसत असूनही सत्य कळल्याचा आनंद मानणारा दुसरा माणूस आपल्याला ठाऊक नाही, अशा आशयाचे रसेल यांनी साठ वर्षांनी लिहून ठेवले.

१९०४ मध्ये पत्नी मार्गारेट गेल्या. त्यानंतरची बरीच वर्षे फ्रेगे यांच्या हातून मोठे काही झाले नाही. मूलबाळ नव्हते. त्यांनी आल्फ्रेड नावाच्या मुलाला दत्तक घेऊन वाढवले. तो पुढे इंजिनीअर झाला. १९११ मध्ये लुडविग विटगेन्स्टाइन नावाचा तरुण येनाला भेटायला आला. त्याला त्यांनी केंब्रिजला रसेल यांच्याकडे जायला सांगितले.

पूर्वगृहीत की फलित? वाद कुणी जिंकला?

गंमत म्हणजे केप्लरच्या मुद्द्यावर रसेल यांनी फ्रेगे यांना मान्यता दिलीच नाही. १९०५ च्या निबंधात त्यांनी फ्रान्सच्या विद्यमान राजाचे उदाहरण घेतले. फ्रान्समध्ये तेव्हा प्रजासत्ताक होते, राजा नव्हताच. त्या राजाला टक्कल आहे असे म्हटले तर? फ्रेगे यांच्या मते हे खरेही नाही आणि खोटेही नाही. रसेल यांच्या मते सरळ खोटे, कारण असा राजा आहे हेही त्या वाक्याचे एक कलम आहे. आजच्या शब्दांत, रसेल यांच्या लेखी राजाचे असणे हे फलित, फ्रेगे यांच्या लेखी पूर्वगृहीत.

पंचेचाळीस वर्षे रसेल यांचीच चलती होती. १९५० मध्ये ऑक्सफर्डचे पी. एफ. स्ट्रॉसन यांनी उलट बाजू घेतली. असे वाक्य कानावर पडले तर माणूस ‘खोटे’ म्हणत नाही. तो म्हणतो, अहो, कुठला राजा? खरे-खोटे करण्याचा प्रसंगच येत नाही. फ्रेगे यांनी जाता जाता सांगितलेल्या गोष्टीला यानंतर स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा मिळाली आणि १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांनी ‘सोडणे’, ‘पस्तावणे’, ‘पुन्हा’, ‘सुद्धा’ अशा शब्दांचा माग काढायला सुरुवात केली.

तरी रसेल पूर्ण चुकले असे म्हणता येणार नाही. ‘सुरेशने सिगारेट सोडलेली नाही, तो कधी ओढतच नव्हता!’ हे वाक्य मराठीत चालते. इथे नकाराने पूर्वगृहीतही उडवले. पण ते म्हणताना आवाज कसा चढतो, ‘सोडलेली’वर कसा जोर येतो ते म्हणून पाहा. हा साधा नकार नाही, समोरच्याचे बोलणे दुरुस्त करणे आहे. माझा कल फ्रेगे यांच्याकडे आहे तो यामुळेच.

साक्षीदाराच्या आठवणीत शिरलेला हेडलाइट

हा काथ्याकूट फक्त वर्गातला नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लोफ्टस आणि ग्वाइडो झानी यांनी एक प्रयोग केला. लोकांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली आणि मग प्रश्न विचारले. काहींना विचारले की एखादा फुटलेला हेडलाइट दिसला का, तर काहींना विचारले की ‘तो’ फुटलेला हेडलाइट दिसला का. फिल्ममध्ये नसलेल्या वस्तूंबद्दल असे विचारले, तेव्हाही ‘तो’वाल्या गटातले लोक जास्त प्रमाणात ‘हो, दिसला’ म्हणाले. इंग्रजीत हा फरक ‘अ’ आणि ‘द’ या चिमुकल्या शब्दांचा आहे. मराठीत ‘द’ नाही, पण ‘तो’, ‘ती’ आहेत. आणि ते नसले तरी ‘पार्सलमध्ये सापडलेल्या गोळ्या’ यासारखी रचना तेच काम बिनबोभाट करते.

तसा फोन आला तर ‘माझ्या नाहीत’ हे उत्तर अपुरे पडते ते म्हणून. कुठले पार्सल, हा प्रश्न गोळ्यांच्या आधी यायला हवा. तोही न विचारता फोन ठेवला तर उत्तमच.

डायरीतले फ्रेगे

इथवर वाचून फ्रेगे यांच्याबद्दल जिव्हाळा वाटला असेल तर पुढचे अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. निवृत्तीनंतर ते विस्मारजवळच्या बाड क्लाइनेन या गावी राहायला गेले. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली होती. १९२४ च्या वसंत ऋतूत त्यांनी लिहिलेली डायरी नंतर हाती लागली. तीत लोकशाहीबद्दल तिरस्कार आहे, ज्यूंचे राजकीय हक्क काढून घ्यावेत अशी इच्छा आहे. फ्रेगे यांच्यावर अनेक वर्षे काम केलेले ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकल डमेट वंशभेदविरोधी चळवळीत होते. ही डायरी वाचून बसलेला धक्का त्यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केला.

प्रत्येक पायरीला पुरावा मागणारा, ‘जनतेची इच्छा’ या शब्दांतला पोकळपणा ओळखणारा हाच माणूस, एका आख्ख्या समाजाबद्दल काय काय धरून चालला होता! डायरीतल्या वाक्यांना त्याने आपली नकाराची चाचणी लावल्याचे कुठे दिसत नाही.

फ्रेगे २६ जुलै १९२५ रोजी वारले, वय ७६. दखल फारशी कुणी घेतली नाही. अप्रकाशित कागद त्यांनी आल्फ्रेडच्या नावे ठेवले होते आणि सोबत चिठ्ठी होती. यातले सगळेच सोने नसले तरी सोने आहे, तेव्हा फेकू नकोस, अशा अर्थाची. आल्फ्रेडने ते कागद म्युन्स्टर विद्यापीठाच्या हाइनरिख शोल्त्स यांच्या हवाली केले. १९४४ मध्ये आल्फ्रेड युद्धात मारला गेला. मार्च १९४५ मध्ये म्युन्स्टरवर बॉम्ब पडले आणि मूळ कागद नष्ट झाले.

शोल्त्स यांनी महत्त्वाच्या कागदांच्या टंकलिखित प्रती आधीच करून घेतल्या होत्या. त्या १९६९ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या गेल्या. त्यांत आयुष्याच्या अखेरच्या दिवसांतले एक टिपण आहे. भाषेला कुठल्याही गोष्टीचे नाव तयार करायची खोड असते, त्या नावाची वस्तू असो वा नसो, असे फ्रेगे त्यात लिहितात. उदाहरण म्हणून त्यांनी या वेळी केप्लरचे नाव घेतले नाही. अमुक संकल्पनेची व्याप्ती, हा आपलाच जुना शब्दप्रयोग घेतला. तो वस्तूचे नाव असल्यासारखा दिसतो, पण तशी वस्तू नाही आणि आपणही त्याला फसलो होतो, अशी कबुली त्यांनी तिथे दिली आहे.